व्यसनातून बाहेर पडताना धीर कुठे लागतो आणि कुठे लागू नये

दिव्यांची अमावस्या, म्हणजे बोलीतली गटारी, उलटली की महाराष्ट्रातले असंख्य पुरुष दारू सोडतात. श्रावण पाळतात. कोणी महिनाभर, कोणी पार गणपती विसर्जनापर्यंत. एरवी रोज संध्याकाळी ‘बसणारे’ हे लोक इतके दिवस ग्लासाला हात लावत नाहीत, आणि त्यासाठी त्यांना मोठं धैर्य एकवटावं लागलं असं कोणी म्हणत नाही. ‘श्रावण आहे’ एवढं सांगितलं की मित्र आग्रह सोडतो, कारण बहुधा तोही थांबलेला असतो. घरात कौतुक होतं. शेवटची तारीख सगळ्यांना माहीत असते. तोच माणूस ऐन लग्नसराईत म्हणाला, ‘मी आता घेत नाही, कधीच घेणार नाही’, तर सगळे त्याच्याकडे बघत राहतात. काय झालं? लिव्हरचं काही निघालं का? वहिनींनी दम दिला वाटतं? अरे, एकानं काय होतंय! माणूस तोच, करतोय तेही तेच. श्रावणात त्याला त्यासाठी काही मोजावं लागत नाही, लग्नाच्या मांडवात मात्र सगळा मान पणाला लावावा लागतो.

श्रावण पाळता येतो म्हणजे आपल्याला व्यसन नाही, अशी समजूत पुष्कळ जण करून घेतात. ती खरी नाही. महिनाभर थांबून पहिल्याच संधीला दुप्पट वेगानं परतणारे थोडे नाहीत, आणि ज्यांचं शरीर दारूवर पुरतं अवलंबून आहे त्यांचे हात श्रावणाच्या दुसऱ्याच दिवशी थरथरू लागतात. पण व्यसनाचं निदान हा या लेखाचा विषय नाही. व्यसन सोडणाऱ्याकडे आपण सगळे धैर्य मागतो. ‘मनाचा हिय्या कर’, ‘ठरवलं तर काय अशक्य आहे’ असं बजावतो. या वाटेवर धैर्याची गरज नेमकी कुठे पडते, ते येतं कुठून आणि कुठल्या टप्प्यावर ते मागणं हाच अन्याय ठरतो, याचा आढावा मला घ्यायचा आहे. औषधशास्त्र, स्वमदत गट, आपल्याकडची व्यसनमुक्ती केंद्रं आणि कायदा यांतून गेल्या नव्वदएक वर्षांत जे हाती आलं, त्यावरून माझं मत असं झालं आहे की धैर्य ही रुग्णानं घरून बांधून आणायची वस्तू नाही. ते बहुतेक वेळा दुसऱ्या माणसांकडून मिळतं, आणि चांगली उपचारव्यवस्था त्याची गरज कमी करत जाते.

सुरुवात शरीरापासून केली पाहिजे, कारण सगळ्यात घातक गैरसमज तिथेच आहे. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या गुंगीला तोंड देण्यासाठी सतत उत्तेजित राहायला शिकलेला असतो. दारू एकाएकी बंद झाली की गुंगी जाते आणि उत्तेजना तेवढी उरते. सहा ते चोवीस तासांत हात कापू लागतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. तिसऱ्या-चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भास होतात, भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत याचं भान राहत नाही. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावू शकतो. खोलीला बाहेरून कडी लावून ‘सोसू दे चार दिवस’ म्हणणारी घरं आजही आहेत. त्या खोलीत जे चाललेलं असतं त्याला धैर्याची परीक्षा म्हणणं चूक आहे. ती वैद्यकीय आणीबाणी असते. डायझेपाम, लोराझेपाम, क्लोरडायझेपॉक्साइड अशी औषधं मोजून देत आणि कमी करत नेत, सोबत थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देत डॉक्टर हा काळ पार पाडतात. या चार-पाच दिवसांत रुग्णानं शूर असावं अशी अपेक्षाच नको.

गर्दचं, म्हणजे ब्राऊन शुगरचं, वेगळं असतं. ती बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाला गर्द ओढणारे ‘टर्की’ म्हणतात. हाडं मोडून निघाल्यासारखं दुखतं, नाक-डोळे वाहतात, जुलाब होतात, अंगावर काटा येतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे टोकाला जातं आणि साधारण आठवडाभरात ओसरतं. ही टर्की सहसा जीव घेत नाही, पण तिच्या भीतीनं माणूस वर्षानुवर्षं पुडी सोडत नाही. इथेही औषधं आहेत आणि ती देणं हेच शहाणपण आहे. टर्कीइतकाच, किंबहुना तिच्याहून मोठा धोका नंतर येतो. शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस पूर्वीच्याच मात्रेनं पुन्हा घेतो. केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यांत ओव्हरडोसनं होणाऱ्या मृत्यूंमागे मोठं कारण हेच असतं. घरच्यांना ही गोष्ट डिस्चार्जच्या दिवशी कोणीतरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवी.

औषधांपर्यंत किती जण पोहोचतात? केंद्र सरकारसाठी दिल्लीच्या ‘एम्स’नं केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी सर्वेक्षणानुसार १० ते ७५ वयोगटातले १४.६ टक्के, म्हणजे सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात, आणि त्यांतल्या पावणेसहा कोटींच्या आसपास लोकांना मदतीची गरज आहे. दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलातरी उपचार मिळालेला होता. रुग्णालयात दाखल होऊन उपचार घेतलेला १८० जणांत एक. उरलेल्यांना आपण भित्रे म्हणणार का? त्यांच्यातल्या अनेकांच्या वाटेवर दारच नव्हतं. एस. टी. स्टँडच्या भिंतींवर ‘रुग्णाला न सांगता दारू सोडवा’ अशा जाहिराती मात्र होत्या. त्यांतून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत काय असतं ते देणाऱ्यालाच ठाऊक. पण न सांगता जेवणातून देण्याचा प्रयोग डायसल्फिरामबाबत घराघरांत झालेला आहे. १९४० च्या दशकाच्या अखेरीस डेन्मार्कमध्ये दारूवरचं औषध म्हणून पुढे आलेली ही गोळी घेतल्यावर दारू प्यायली तर शरीरात ॲसिटाल्डिहाइड साचतं. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळू शकतो. समजून-उमजून, डॉक्टरांच्या आणि घरच्यांच्या देखरेखीखाली घेतली तर ती कामाची आहे. चोरून दिली तर जिवावर बेतू शकते, आणि नवरा-बायकोत उरलासुरला विश्वासही संपतो.

मराठी मनात व्यसनाची जी गोष्ट ठसलेली आहे, ती अर्थात ‘एकच प्याला’ची. नाटककार गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि नंतर काही आठवड्यांतच हे नाटक रंगभूमीवर आलं. बालगंधर्वांच्या सिंधूनं पिढ्यान्‌पिढ्या प्रेक्षकांना रडवलं. नायक सुधाकर याची वकिलीची सनद काही काळासाठी रद्द झाल्याचा अपमान, त्या क्षणी तळीरामानं पुढे केलेला प्याला, पश्चात्ताप, शपथ, पुन्हा प्याला आणि शेवटी सर्वनाश, असा तो प्रवास आहे. त्यातून आपण एक धडा फार पक्का घेतला की दारू सुटत नाही आणि जो शपथ मोडतो तो संपतो. नाटकात आणखी एक गोष्ट आहे, तिच्याकडे मात्र आपलं लक्ष कमी गेलं. सुधाकराच्या शपथेला आधार द्यायला कोणतीच व्यवस्था नव्हती. रामलालसारखा जिवाभावाचा मित्र आणि सिंधूसारखी सोसणारी बायको, एवढ्या भांडवलावर त्यानं ती पाळायची होती. त्याच्यासारखं पिऊन बाहेर आलेल्या आणि एकमेकांना सावरणाऱ्या माणसांचं मंडळ त्याच्या जगात नव्हतं. गडकऱ्यांना ते दाखवता आलं नाही, कारण १९१९ मध्ये ते जवळपास कुठेच नव्हतं.

ते पुढे सोळा वर्षांनी सापडलं, तेही एका हॉटेलच्या लॉबीत. मे १९३५. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या ॲक्रन गावी न्यूयॉर्कचा बिल विल्सन धंद्याच्या कामासाठी आला होता. सौदा फिसकटला होता, खिशात फारसे पैसे नव्हते आणि दारू सोडून जेमतेम पाच महिने झाले होते. मेफ्लॉवर हॉटेलच्या लॉबीत एका बाजूला बार होता, दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. तो टेलिफोनकडे वळला. मला एखाद्या दारुड्याशी बोलायचं आहे, असं तो अनोळखी माणसांना सांगत गेला. त्यातून गाठ पडली ती डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी. स्वतःही हाताबाहेर गेलेले हे डॉक्टर पंधरा मिनिटांच्या बोलीवर आले आणि कित्येक तास बसले. डॉ. बॉब यांनी १० जून १९३५ रोजी शेवटची दारू घेतली आणि तोच दिवस अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, म्हणजे ए. ए. चा, स्थापना दिन मानला जातो.

या प्रसंगाचं मोल मला फार वाटतं. विल्सन डॉक्टरांचा उद्धार करायला गेला नव्हता. आपण एकटे राहिलो तर पिऊ हे त्याला कळलं होतं आणि ते त्यानं मान्य केलं होतं. आपल्याकडे ज्याला धैर्य म्हणतात त्यात माणूस दात-ओठ खाऊन एकटा उभा राहतो. इथे धैर्य होतं ते ‘मला एकट्याला जमणार नाही’ असं परक्या माणसाला फोनवर सांगण्यात. व्यसनमुक्तीचं काम करणारे समुपदेशक जगभर पहिल्या पायरीवर ज्याची वाट बघतात, ते हेच वाक्य. पुरुषाला ते जड जातं, कर्त्या पुरुषाला अधिकच.

ए. ए. १९५७ साली मुंबईत आलं. आज मराठीतही सभा चालतात, कुठे चर्चच्या हॉलमध्ये, कुठे शाळेच्या वर्गात. फी नाही, आडनाव नाही, हजेरीपट नाही. एक जण उभा राहतो, नाव सांगतो, आपण दारुडे आहोत असं म्हणतो आणि आपलं जे झालं ते बोलतो. याला ‘शेअरिंग’ म्हणतात. कोणी सल्ला देत नाही, कोणी मध्ये बोलत नाही. नवखा माणूस पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसतो आणि पुढच्याच्या तोंडून स्वतःची गोष्ट ऐकतो. बायकोच्या पर्समधून काढलेले पैसे, सकाळी ब्रश करायच्या आधी लागलेला घोट, मुलाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात झालेली शोभा. हे सांगणारा माणूस इस्त्रीचा शर्ट घालून समोर उभा असतो, त्याच्या हातात चहाचा कप असतो आणि तो कप हलत नसतो. मागच्या खुर्चीवरच्याला त्या संध्याकाळी जे मिळतं ते उपदेशानं मिळत नाही. यातून बाहेर येता येतं, याचा पुरावाच त्याच्यासमोर उभा असतो.

केवळ श्रद्धेच्या बाजूनं नाही, तर अभ्यासाच्या बाजूनंही याला बळ आहे. जॉन केली आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये कॉक्रेनसाठी केलेल्या आढाव्यात २७ अभ्यास आणि दहा हजारांहून अधिक माणसं होती. ए. ए. आणि त्याला जोडून घेणारे शिस्तबद्ध उपचार हे सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत इतर प्रस्थापित मानसोपचारांच्या तोडीचे, बऱ्याचदा सरस ठरले. सगळ्यांनाच ती पद्धत मानवते असं नाही. त्यातली ईश्वराची भाषा काहींना खटकते आणि त्यांच्यासाठी वेगळ्या पद्धती आहेत. आपल्या खेड्यांत तर ए. ए. चं नावही न ऐकलेले कित्येक जण पंढरपूरला किंवा आळंदीला जाऊन तुळशीची माळ घालतात आणि दारू सोडतात. ही माळ टिकते ती गळ्यात असल्यामुळे कमी आणि गावात असल्यामुळे जास्त, असं मला वाटतं. माळकऱ्याला आग्रह करायचा नाही हा गावाचा अलिखित नियम असतो. संध्याकाळी भजनाला जाऊन बसायला जागा मिळते, एकादशी येते, वारी येते. ‘बसायच्या’ वेळेला दुसरीकडे बसण्याची सोय होते. पण शारीरिक अवलंबन तीव्र असेल तर माळेच्या जोडीला डॉक्टर हवाच, आणि माळ मोडली म्हणून माणसाला वाळीत टाकणं हे उपचाराच्या दृष्टीनं सर्वांत वाईट.

महाराष्ट्रातल्या संस्थात्मक कामाकडे वळलं की पहिलं नाव पुण्याच्या ‘मुक्तांगण’चं येतं. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्दची लाट आली होती. अनिल अवचट यांनी गर्द ओढणाऱ्या मुलांमध्ये फिरून लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदत देऊ केली. डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करत होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ रोजी मुक्तांगण सुरू झालं. अनिताताई १९९७ मध्ये कॅन्सरनं गेल्या, अवचट २०२२ मध्ये गेले. त्यांची कन्या मुक्ता पुणतांबेकर हे काम पुढे नेत आहेत. त्याआधी १९८१ मध्ये वांद्र्याला फादर जो परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ सुरू केलं होतं. बी. के. एस. अय्यंगारांचे शिष्य असलेल्या फादरांनी ए. ए. च्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमाला योगाची जोड दिली.

मुक्तांगणनं जी गोष्ट रुजवली ती माझ्या दृष्टीनं औषधांइतकीच महत्त्वाची आहे. तिथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले, समुपदेशक झाले. पस्तीस दिवसांसाठी आलेला माणूस दारातून आत येतो तेव्हा त्याचं सामान तपासणारा, त्याला चहा देणारा, रात्री झोप येत नाही म्हणून येरझाऱ्या घालताना सोबत चालणारा माणूस बऱ्याचदा त्याच वाटेनं आलेला असतो. ‘मला कळतंय’ हे त्याच्या तोंडी पोकळ वाटत नाही. याच्या नेमकी उलट वाट म्हणजे मारहाणीची. माणसाला झोपेत उचलून नेणारी, साखळीनं बांधणारी, घरच्यांना महिनोन्‌महिने भेटू न देणारी काही तथाकथित केंद्रं देशात चालत आलेली आहेत. घाबरवून माणसाला काही काळ थांबवता येतं. पण तिथून सुटलेला माणूस पुढच्या वेळी मदत मागायला कुठेच जात नाही. त्याचं ते एकमेव धैर्य आपण मोडून टाकलेलं असतं.

आता खरा कठीण भाग. पस्तीस दिवस संपतात, माणूस घरी येतो, औक्षण होतं. पहिला महिना उत्साहात जातो. मग दुसरा, तिसरा, चौथा. नशा उतरतानाच्या पहिल्या दिवसांतले त्रास सगळ्यांना दिसत होते. आता जे चाललेलं असतं ते कोणालाच दिसत नाही. झोप अजून नीट नाही. कशातच चव नाही. मेंदूतली सुख देणारी यंत्रणा इतकी वर्षं उसन्या उत्तेजनावर चाललेली असते, ती पूर्वपदावर यायला महिने लागतात, काही नशांबाबत वर्षाहून जास्त. संध्याकाळचे सात ते नऊ हे दोन तास संपता संपत नाहीत. पूर्वी जे दिसत नव्हतं ते आता दिसू लागतं: कर्जाचे हप्ते, मुलीनं बोलणं टाकलेलं, भावानं परस्पर केलेली वाटणी. घरी पोहोचायला वीस मिनिटं उशीर झाला की बायको दार उघडताना नकळत वास घेते. तिचं चुकत नाही, आणि त्याला लागतंही. माझ्या मते धैर्य लागतं ते इथे. आणि नेमक्या याच वेळी टाळ्या वाजवणारे आपापल्या घरी गेलेले असतात.

ॲलन मार्लट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं लोक पुन्हा व्यसनाकडे नेमके कधी वळतात याचा बारकाईनं अभ्यास केला. त्यात तीन प्रसंग वारंवार दिसले. मन खचलेलं असणं, जवळच्या माणसाशी खटका उडणं आणि चारचौघांचा आग्रह. शारीरिक तलफ एवढं एकच कारण नव्हतं. त्यानं आणखी एक गोष्ट मांडली, ती प्रत्येक कुटुंबानं समजून घ्यावी अशी आहे. एखादा घोट घेतला जातो. त्या घोटापेक्षा त्यानंतर मनात जे उठतं ते जास्त घात करतं. ‘संपलं. मी असलाच. आता काय उरलं?’ या शरमेतून दुसरा पेला येतो, मग बाटली, मग पंधरा दिवस. केंद्रांच्या भाषेत पहिल्याला ‘स्लिप’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘रिलॅप्स’. स्लिप झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी समुपदेशकाला फोन करून ‘काल घेतली’ असं सांगणं, हे मला या सबंध प्रवासातलं सर्वांत मोठं धाडस वाटतं. पहिल्यांदा केंद्रात येताना माणसाला गमावण्यासारखं काही उरलेलं नसतं. या फोनच्या वेळी मात्र त्याच्याकडे सहा महिन्यांची अब्रू असते, आणि ती तो स्वतःच्या तोंडानं सोडून देत असतो.

टॉम मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात व्यसनाची तुलना मधुमेह, रक्तदाब आणि दम्याशी केली. उपचारानंतर पुन्हा व्यसनाकडे वळण्याचं प्रमाण साधारण निम्म्याच्या आसपास होतं, आणि रक्तदाब-दम्याच्या रुग्णांमध्ये आजार पुन्हा उसळण्याचं प्रमाण त्याहून वेगळं नव्हतं. दम्याचा रुग्ण दुसऱ्यांदा दवाखान्यात आला तर आपण त्याला ‘तुझ्यात इच्छाशक्तीच नाही’ असं म्हणत नाही. इथे म्हणतो. आणि मग तो परत येत नाही.

परिस्थिती बदलली की काय होऊ शकतं याचं सर्वांत ठळक उदाहरण व्हिएतनाम युद्धातलं आहे. १९७१ च्या सुमारास तिथल्या अमेरिकी सैनिकांपैकी जवळपास पाचांतला एक हेरॉइन किंवा अफूच्या आहारी गेलेला होता. ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी परतलेल्या सैनिकांचा माग काढला. तिकडे व्यसनाधीन झालेल्यांपैकी पहिल्या वर्षभरात पुन्हा व्यसनात अडकलेले निघाले फक्त सुमारे पाच टक्के. हे सगळे अचानक धीरोदात्त झाले असं कोणी म्हणणार नाही. ते युद्धातून, त्या मित्रमंडळींतून, त्या सहज मिळणाऱ्या पुड्यांतून बाहेर आले होते. आपल्याकडचा रुग्ण मात्र केंद्रातून निघून त्याच गल्लीत, त्याच बारसमोरून, त्याच दोस्तांत परततो. त्याला रोज जे धैर्य लागतं त्यातलं पुष्कळसं त्या गल्लीमुळे लागतं.

ए. ए. च्या बारा पायऱ्यांपैकी चौथीत माणसानं निर्भयपणे स्वतःचा झाडा घ्यायचा असतो, आणि आठवी-नववीत ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून, शक्य तिथे भरपाई करायची असते. धैर्याचा विषय निघाला की या पायऱ्यांचं नाव आवर्जून घेतलं जातं, आणि ते योग्यच आहे. पण इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. त्यानं माफी मागितली म्हणून तिनं माफ केलंच पाहिजे, असं नाही. पंधरा वर्षं मार खाल्लेल्या बाईकडे लोक येतात आणि म्हणतात, ‘आता तर त्यानं सोडली ना, मग झालं गेलं विसर.’ तिला वेळ लागू शकतो, ती वेगळी राहू शकते, कायद्याचा आधार घेऊ शकते. त्यानं त्याचं सोबर राहणं तिच्या क्षमेवर टांगून ठेवू नये. नवव्या पायरीतच अट आहे की भरपाईनं समोरच्याला इजा होत असेल तर ती करू नये.

या बायकांच्या धैर्याबद्दल आपण पुरेसं बोलत नाही. बिल विल्सनची पत्नी लोइस हिच्या पुढाकारानं १९५१ मध्ये ‘अल-ॲनॉन’ हा कुटुंबीयांचा गट आकाराला आला. मुक्तांगणमध्येही रुग्णांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालतो. तिथे बाई शिकते ते असं की त्याची दारू तिच्यामुळे सुरू झाली नाही आणि तिच्या उपासतापासांनी सुटणारही नाही. त्याच्या ऑफिसात ‘त्यांना ताप आहे’ असा खोटा फोन न करणं, त्याची उधारी न फेडणं, स्वतःचं बँक खातं उघडणं, एवढं करायला सासरच्या माणसांत केवढी छाती लागते! सिंधूनं सोसलं म्हणून ती आपल्याला देवी वाटली. आजच्या सिंधूनं सोसणं थांबवलं तर तिच्या पाठीशी कोण उभं राहतं, हे मी बघत असतो.

आणि जिला स्वतःलाच व्यसन आहे ती? २०१९ च्या त्या सर्वेक्षणात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के होतं, स्त्रियांचं १.६. आकडा लहान आहे, त्यामुळे सोयीही लहान आहेत. पुरुषाच्या व्यसनाला ‘बिचारा, वाईट संगत’ म्हणणारं घर बाईच्या व्यसनाला थेट चारित्र्याशी जोडतं. तिच्यासोबत केंद्रापर्यंत येणारं माणूस बऱ्याचदा नसतंच, मुलं कोणाकडे ठेवायची हा प्रश्न असतो, आणि घरी परतायला घर उरेल की नाही याची खात्री नसते. मुक्तांगणनं स्त्रियांसाठी ‘निशिगंध’ हा वेगळा विभाग काढला. अशा जागा राज्यात हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्या आहेत. पुरुषाला जिथे धीर लागतो, तिथे बाईला सगळं मागे सोडायची तयारी लागते.

औषधांबद्दल एक गोष्ट राहिली. नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट यांनी दारूची ओढ कमी व्हायला मदत होते. हेरॉइनच्या व्यसनात ब्यूप्रेनॉर्फिन दिलं तर माणूस सुईपासून दूर राहतो, कामावर जाऊ लागतो आणि त्याच्या मरणाचा धोका घटतो. सुईनं नशा करणाऱ्यांसाठी एड्स नियंत्रण कार्यक्रमाच्या केंद्रांमधून ते देशात दिलं जातं. तरीही ‘गोळीवर आहेस, म्हणजे सुटलं कुठे?’ हा टोमणा त्याला सहकाऱ्यांकडून, कधी कधी केंद्रातल्याच माणसांकडून ऐकावा लागतो. रक्तदाबाची गोळी रोज घेणाऱ्याला असं कोणी विचारत नाही. ज्या गोळीनं माणूस जगतो ती लपवून घ्यावी लागत असेल तर दोष गोळीचा नाही.

कायदा बराच पुढे गेला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं दारू आणि अमली पदार्थांशी निगडित मानसिक स्थितींना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतलं. त्यामुळे उपचारातले हक्क, अमानुष वागणुकीपासून संरक्षण आणि विम्याबाबतची तरतूद या रुग्णांनाही लागू होते. अमली पदार्थविरोधी १९८५ च्या कायद्यात ६४-अ कलम आहे. स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला पुढे येणाऱ्या व्यसनी माणसाला अल्प प्रमाणातल्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून त्यात सूट मिळू शकते. ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. ज्याला दवाखान्याच्या दारात उभं राहायचं धाडस होत नाही त्याच्यासाठी एवढी सोय तरी झाली आहे.

गावाच्या पातळीवर स्त्रियांनी मतदानानं ‘बाटली आडवी’ करून दुकानं बंद पाडली, गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. बंदीवर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं भरपूर आहे, तो वेगळा लेख होईल. मला गडचिरोलीचं महत्त्व वाटतं ते दुसऱ्या कारणासाठी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं शासन आणि टाटा ट्रस्ट्‌स यांच्याबरोबर २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हा दारू-तंबाखूविरोधी कार्यक्रम जिल्हाभर सुरू केला, आणि त्यात गावसंघटनांच्या जोडीला उपचारही होते. तालुक्याच्या ठिकाणी व्यसन-उपचाराचं क्लिनिक, गावात जाऊन भरवलेलं रुग्णांचं शिबिर. पुण्या-मुंबईच्या केंद्रापर्यंत जायला भाडं लागतं, रजा लागते, ‘कुठे गेला होतास’ या प्रश्नाचं उत्तर लागतं. याच जिल्ह्यातल्या एटापल्ली किंवा धानोरा तालुक्यातल्या मजुराकडे यातलं काही नसतं. शिबिर गावातच असलं की तो शेजाऱ्यासोबत येतो, बायको दुपारी डबा घेऊन येते, आणि पुढच्या आठवड्यात औषध संपलं तर बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाऊन ते घेऊन येता येतं.